नोटरीचं रजिस्टर: कामाचं की नुसते कागदी घोडे?

तापीकाठचा: भुसावळकरांनी काल टाकलं, ‘शिक्का मारला, सही झाली, विषय संपला. नोटरीला प्रत्येक कागदाची नोंद रजिस्टरात लिहायला लावणं म्हणजे कागदी घोडे.’ भाऊ, विषय तिथून सुरू होतो! आमच्या काकांचं शेताचं संमतीपत्र अचानक निघालं. अंगठा, गोल शिक्का, रजिस्टरातला नोंद नंबर, सगळं साग्रसंगीत. काका तर आयुष्यभर सही करत आले. वकिलांनी रजिस्टर कोर्टात मागवलं. त्या नंबरासमोर भलत्याचाच भाडेकरार! पक्षकाराची सही रजिस्टरात घ्यायची, किती पानं आहेत ते आधीच पहिल्या पानावर लिहून खाली सही करायची, हे 1956 च्या नोटरी नियमांत उगाच नाही.

भुसावळकर: नियम मलाही पाठ आहेत. जिल्हा न्यायाधीश वर्षातून दोनदा तपासू शकतात. तपासताना पाहिलंय कोणी? कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस गर्दीत रकाने भरेल? संध्याकाळी कारकून एका बैठकीत भरतो.

केळीवाला, रावेर: ते रजिस्टर राहू द्या, स्टॅम्पचं बोला! पोराच्या जातीच्या दाखल्याला प्रतिज्ञापत्र, त्याला 500 चा स्टॅम्प!

अमळनेरची वकील: दादा, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. 2024 ला 100 चे 500 झाले, ते करारनाम्यांसारख्या कागदांना.

केळीवाला, रावेर: ताई, तुमनं बराबर शे, पण हे टेबलावरच्याला सांगा. तो म्हणतो, साहेब साधा कागद घेत नाहीत.

धुळेकर: आमच्या कॉलनीत लोकांनी प्लॉटच नोटरीवर घेतलेत. नोंदणी नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, आणि मालक म्हणून मिरवतात.

भुसावळकर: बघा! स्टॅम्पमाफीचा आदेश असून 500 उकळतात, म्हणे रजिस्टरने न्याय मिळणार. काळ्या कोटांची मिलीभगत.

अमळनेरची वकील: तोंड सांभाळून. स्टॅम्प नोटरी विकत नाही. फी किती घेतली याचा रकाना त्याच रजिस्टरात असतो, पावतीही द्यावी लागते, जानेवारीत वर्षभराच्या कामाचं विवरणपत्र सरकारला जातं. तुम्ही कधी पावती मागितलीत? ‘लवकर मारा साहेब शिक्का, गाडी सुटेल’ म्हणणारे तुम्हीच.

तापीकाठचा: आणि रजिस्टर नसतं तर काकांचं शेत गेलं असतं, हे कोणी वाचलंच नाही वाटतं.

भुसावळकर: वाचलं हो. ठेवा तुमचं रजिस्टर, पूजा करा. फक्त सही समोर बसवून घ्या, कारकुनाच्या हातची नको.

केळीवाला, रावेर: माझे 500?

अमळनेरची वकील: स्टॅम्प कोरा असेल तर सहा महिन्यांच्या आत परताव्याचा अर्ज करा.

केळीवाला, रावेर: कोरा कुठला ताई, तो साहेबाच्या फायलीत टाचलाय.