सहा भागिले शून्य किती?

प्रश्न: लेक पाचवीत आहे. काल पोळ्या लाटताना तिनं विचारलं, "आई, ६ भागिले ० म्हणजे ०च ना?" नाही म्हटलं, पण कारण सांगता येईना. जीव चुटपुटतोय.

उत्तर: ताई, भागाकार म्हणजे पुन्हापुन्हा वजाबाकी. डब्यात ६ पोळ्या, २-२ काढल्या तर तीनदा संपतात. ०-० काढत बसा, डबा रिकामा होईल का?

उत्तर: ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले. बेरीज-वजाबाकी चोख, पण ०/० = ० म्हणाला, ते आज मान्य नाही. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ६/० सारख्या राशीला 'खहर' म्हटलं, अनंत मानलं.

ताई: डबा घेऊन बसवलं तिला. दहाव्यांदा हात रिकामा आला तशी ओरडली, "आई, हे संपणारच नाही!" 'खहर' वहीत लिहून घेतलाय.