रिलेंच्या फर्मवेअरची नोंद ब्लॉकचेनवर ठेवून फायदा आहे का?

टेस्टिंगवाला२२०: २२० केव्ही उपकेंद्रात टेस्टिंगला आहे. रिले (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारे), आरटीयू आणि गेटवे (माहिती नियंत्रण केंद्राकडे पाठवणारे) सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे. कोणत्या रिलेत कुठलं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर), कोणती त्रुटी जाहीर झाली, पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) कोणी टाकला, हे एक्सेलमध्ये. आमची शीट, कंत्राटदाराची शीट आणि मुख्य कार्यालयाची शीट कधीच जुळत नाहीत. परवा एकाने सादरीकरण दिलं : सगळं ब्लॉकचेनवर (अनेकांकडे प्रत असलेली, साखळीसारखी जोडलेली नोंदवही) घ्या, कोणी खाडाखोड करू शकणार नाही. साहेब खूश आहेत. तुमचं मत काय?

जुना_रिलेवाला: खाडाखोड थांबेल, पण चुकीची नोंदही कायमची होईल. रिलेत खरोखर काय बसलंय ते लॅपटॉप लावणाराच सांगणार. आणि पॅच राहतात ते आउटेज मिळत नाही म्हणून. लाइन बंद घ्या, एलडीसीची (भार प्रेषण केंद्राची) परवानगी काढा, पॅचनंतर परत सेकंडरी इंजेक्शन (रिलेत चाचणीचा करंट सोडून तपासणी). एप्रिल-मेमध्ये देतंय कोण! अमेरिकेतला वीजयंत्रणेच्या सायबर सुरक्षेचा सीआयपी-००७ नियम हे ओळखतो : पॅच लागू आहे का ते ३५ दिवसांत तपासा, पुढच्या ३५ दिवसांत टाका, नाहीतर धोका कसा कमी करणार ते लेखी द्या. त्या लेखी योजनेला साखळी लागत नाही, सही करणारा अधिकारी लागतो.

युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ला सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, ती चोरलेल्या पासवर्डनी आत शिरून. व्हीपीएनला (बाहेरून आत यायच्या जोडणीला) पासवर्डनंतर दुसरी पडताळणीच नव्हती. तिथे कुठलं लेजर (असली नोंदवही) आडवं आलं असतं?

हॅशवाली: दादा, त्याच हल्ल्यात सीरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं (उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यांचं) फर्मवेअरही पुसून टाकलं होतं, तेवढं विसरू नका. फर्मवेअर फाइल कंपनीकडून निघून कंत्राटदाराच्या पेनड्राइव्हवरून रिलेत जाते. मूळ फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) सगळ्यांना दिसेल अशा जागी असेल तर मधली भेसळ पकडता येते. एवढ्यापुरतं मला पटतं. पण न बुजवलेल्या त्रुटींची यादी सामायिक लेजरवर नको. ती हल्लेखोराला आयता नकाशा.

जुना_रिलेवाला: हॅशचं मान्य. पण कंपनीने डिजिटल सही केलेली फाइल आली तर तेच काम होतं, रिलेने ती सही तपासली पाहिजे इतकंच. जुने रिले तपासत नाहीत, खरी गोची तिथे आहे. @टेस्टिंगवाला, नोड (लेजरच्या प्रती ठेवणारे संगणक) कोण चालवणार ते विचारा. सगळे त्या विक्रेत्याच्याच क्लाउडवर असतील तर तो साधा डेटाबेस, फक्त महाग.

टेस्टिंगवाला२२०: विचारलं. सगळे त्यांच्याकडेच. साहेबांना सांगितलंय, आधी तिन्ही शीट जुळवू, मग बघू.