ताकेदा: १७८१ चे दुकान आणि आजची कंपनी एकच म्हणावी का?

शोधयात्री:
जपानमधील ताकेदा या औषधकंपनीची स्थापना १७८१ साली ओसाका येथे झाली, असे तिच्याविषयीच्या बहुतेक लेखांच्या आरंभीच वाचायला मिळते. परंतु आजच्या अर्थाने ज्याला औषधनिर्मिती म्हणतात, ती त्या काळी अस्तित्वातच नव्हती. मग त्या दुकानात नेमके कोणते काम चालत असे आणि आजच्या कंपनीशी त्याचे नावापलीकडे काही नाते उरले आहे का? की हे साल केवळ मिरवण्यापुरतेच आहे?

वनस्पतिवेडा:
दुकान कोठे होते हे पाहिले की काम काय होते तेही उलगडते. ओसाकातील दोशोमाची ही औषधव्यापाऱ्यांची पेठ. चीनमधून नागासाकी बंदरात उतरणाऱ्या मुळ्या, साली आणि खनिजे ओसाकात येत व तेथून देशभर जात. १७२२ साली शोगुनच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी शासकाच्या, राजवटीने या पेठेतील १२४ व्यापाऱ्यांच्या संघाला मान्यता दिली आणि मालाची पारख करून तो पुढे पाठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे सोपवला. वाळलेल्या दोन मुळ्या अनेकदा इतक्या सारख्या दिसतात की अस्सल कोणती आणि भेसळीची कोणती हे सांगणारी नजर हेच या व्यापाऱ्यांचे खरे भांडवल होते. ताकेदाचे संस्थापक पहिले चोबेई (हेच नाव त्यांच्या वारसांनीही चालवले) अशाच एका दुकानात उमेदवारी करून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी स्वतंत्र झाले. घाऊक व्यापाऱ्यांकडून माल घ्यायचा, त्याचे लहान भाग करायचे आणि ते स्थानिक दुकानदारांना व वैद्यांना विकायचे, हा त्यांचा धंदा. म्हणजे औषध तयार करणे नव्हे, तर दुसऱ्याकडून आलेल्या औषधाची खात्री देणे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो: ताकेदा जुनी असली तरी सर्वांत जुनी नाही. तानाबे १६७८ ची आणि ओनो १७१७ ची, आणि दोन्ही ओसाकाच्याच. दोशोमाचीत औषधांच्या देवतेचे छोटे मंदिर आहे. १८२२ च्या पटकीच्या साथीची आठवण म्हणून तेथील नोव्हेंबरच्या उत्सवात आजही कागदाच्या लगद्याचे वाघ दिले जातात.

रसायनशाळा:
वरील उत्तराला पुढचा दुवा जोडतो. १८७१ मध्ये, मेइजी काळाच्या आरंभी, चौथ्या चोबेईंनी योकोहामात येणारी पाश्चात्त्य औषधे खरेदी करण्यास सुरुवात केली. हिवतापावरील क्विनाइन आणि पटकीच्या साथीत वापरले जाणारे फिनॉल ही त्यांतली ठळक नावे. १८९५ मध्ये ओसाकात स्वतःचा कारखाना उभा राहिला आणि १९०७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीची औषधे जपानमध्ये विकण्याचे हक्क मिळाले. पहिल्या महायुद्धाने जर्मनीहून येणारा माल तोडला, तेव्हा मात्र परक्या औषधांवर विसंबून राहणे परवडणारे नव्हते. कंपनीच्या संशोधन विभागाचा आरंभ त्याच सुमारास झाला.

माझ्या मते तिचे सर्वांत जपानी म्हणावे असे औषध १९५४ चे आलिनामिन. पॉलिश केलेल्या तांदळावर राहणाऱ्या जपानी शहरांना बेरीबेरीने शतकानुशतके छळले होते. हा रोग ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे कळल्यावरही अडचण अशी होती की ते जीवनसत्त्व तोंडावाटे मोठ्या प्रमाणात दिले तरी आतड्यातून फारच थोडे शोषले जाई. लसणातील अॅलिसिन ब-१ शी संयोग पावून अधिक सहज शोषले जाणारे संयुग बनवते, हे क्योतो विद्यापीठातील फुजिवारा यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्याच दिशेने कंपनीने गोळी विकसित केली. तिला लसणाचा वास येई. पुढे तो कमी केलेला प्रकार काढावा लागला.

संशयात्मा:
हे सारे मान्य. पण ज्या आलिनामिनचे आपण कौतुक करता, तो घरगुती औषधांचा व्यवसाय ताकेदाने २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला सुमारे २४२ अब्ज येनला विकून टाकला. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, दुर्मीळ आजारांवरील औषधे बनवणारी शायर ही कंपनी तिने सुमारे ४६ अब्ज पौंडांना घेतली होती आणि डोक्यावर प्रचंड कर्ज चढवून घेतले होते. या खरेदीला संस्थापक घराण्यातील काहींनी व जुन्या कर्मचाऱ्यांनी उघड विरोध केला, तरी भागधारकांनी कौल दिला. २०१४ मध्ये अध्यक्षपदी आलेले क्रिस्टोफ वेबर हे त्या पदावरील पहिले बिगरजपानी. मग उरले काय?

शोधयात्री:
सर्वांचे आभार. संशयात्मा यांचा मुद्दा वाचून मला उलटेच वाटू लागले आहे. चोबेईंचे दुकान दुसऱ्यांचा माल पारखून घेत असे. शायर, त्यापूर्वी २०११ मधील नायकोमेड, २००८ मधील मिलेनियम या औषधकंपन्यांची खरेदीही एका अर्थी दुसऱ्यांनी शोधलेल्या औषधांची पारखच नव्हे का?

संशयात्मा:
तुलना आकर्षक आहे, पण चोबेई उधारीवर असा पैजेचा सौदा करते, असे मला वाटत नाही.

वनस्पतिवेडा:
पारखीची जुनी नजर पाहायची असेल, तर ती ताळेबंदापेक्षा क्योतोत सापडेल. कंपनीने १९३३ मध्ये तेथे औषधी वनस्पतींचे उद्यान सुरू केले आणि ते आजही राखले जाते. ज्या झाडांच्या मुळ्या एके काळी दोशोमाचीत तराजूवर चढत, त्यांतील कित्येक तेथे लावलेली आहेत.