वर्ग परत द्या: कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या सभेबद्दल

विजापूररोडकर (धागा सुरू करणारी)

आमच्या सोलापुरातल्या कॉलेजात शनिवारी प्रॅक्टिकल आटोपल्यावर ख्रिस्ती मुलामुलींचा एक गट रिकाम्या वर्गात जमायचा. गाणी, बायबलचं वाचन, प्रार्थना, तासाभरात घरी. माझ्या लॅब पार्टनरने एकदा मला विचारलं, "आमची प्रार्थनासभा असते, बघायला येतेस का?" इतकं सरळ. मी गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅम्पसवर धर्मप्रसार चाललाय असं निवेदन काही विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना दिलं आणि त्या वर्गाला कुलूप लागलं. आता ती मुलं संभाजी तलावाकाठी बसतात. वर्ग त्यांना परत मिळाला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मी लिंगायत घरातली. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक मी चुकवत नाही आणि धर्म बदलण्याचा विचार माझ्या मनाला शिवलेलाही नाही. तरीही हे लिहितेय.

आत काय चालतं याबद्दल कॅन्टीनमध्ये काहीही बोललं जातंय, म्हणून जे पाहिलं ते सांगते. बाक भिंतीला सरकवलेले, सगळे गोल करून खाली बसलेले. एक गिटार, एक ढोलकी. आधी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन झालं. चाल अभंगाची, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला मीही सूर धरला. मग एक तेलुगू गाणं, कारण निम्मी मुलं शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर वस्तीतली. मग लूकच्या शुभवर्तमानातला १० वा अध्याय. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या वाटसरूला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) त्याला बघूनही पलीकडच्या बाजूने निघून जातात. यहुदी ज्यांना हलकं समजत त्या शोमरोन्यांपैकी एकजण थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, वर खर्चाचे पैसे भरतो.

प्रवचन कुणी केलं नाही. प्रत्येकाने आधी गोष्टीत काय दिसतं ते सांगायचं, मग त्याचा अर्थ, मग आपण काय करायचं ते. बीएस्सीचा एक मुलगा म्हणाला की पुणे हायवेवर अपघात दिसला तर आपण काच वर करून पुढे जातो, पोलिसांचं लचांड नको म्हणून. त्यावर एका मुलीने मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती सांगितली. कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. पुढचा सगळा वेळ मुलं त्यावरच वाद घालत होती, थांबायचं तर गाडी कुठे लावायची इथपर्यंत.

शेवटी चिठ्ठ्या. नाव न घालता आपली अडचण लिहायची, सगळ्या मिसळायच्या आणि हाती येईल तिच्यासाठी प्रार्थना करायची. मला आलेल्या चिठ्ठीत होतं, "पप्पांचे माग बंद आहेत, फी भरायची आहे." मला प्रार्थना सुचेना. मी चिठ्ठी धरून बसून राहिले, कुणी बोल म्हणून मागे लागलं नाही.

आमच्याच कॉलेजात गणपती बसतो, सरस्वतीपूजन होतं, हॉल मिळतो, स्पीकर मिळतो. मी त्यात हौसेने असते. मग विनामाईकच्या एका तासाला कुलूप का?

बाळीवेसकर

ताई, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून प्रामाणिकपणेच विरोध करतो. तुम्ही एमएस्सीला, घर शहरात, संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला. तुम्हाला बोलावलं काय, न बोलावलं काय, काही फरक पडत नाही. सांगोल्याहून, मंगळवेढ्याहून पहिल्या वर्षाला आलेलं, होस्टेलवर राहणारं पोर डोळ्यांसमोर आणा. त्याला पहिले दोन महिने कुणी नावाने हाक मारत नाही. अशा वेळी जो गट त्याला जेवलास का विचारतो, नोट्स देतो, ताप आला तर डॉक्टरकडे नेतो, तो गट जे म्हणेल ते त्याला पटतं. यात कुणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट हेतू चांगला असतो म्हणूनच ते पोर जास्त लवकर वाहून जातं. अठराव्या वर्षी, एकटेपणात, श्रद्धेचा निर्णय घेतला जाऊ नये. कॉलेजने निदान त्यासाठी जागा पुरवू नये.

आणि तुमच्या चिठ्ठ्यांबद्दल. फी भरायला पैसे नाहीत हे ज्याला कळलं त्याच्या हाती त्या मुलाची दुखरी नस आली. नाव नसलं म्हणून काय झालं, माग बंद पडलेलं घर कुणाचं हे वर्गात सगळ्यांना माहीत असतं.

रेल्वेलाईन्स

मी सोलापुरातला चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. बाळीवेसकर सर, तुमची काळजी खरी वाटते, पण त्या काळजीत आम्ही कुठेच नाही. तुम्ही फक्त बोलावलेल्या मुलाचा विचार केलात. ज्याची ती सभा आहे त्या मुलाचं काय?

एमपीएससीची परीक्षा रविवारी. बँकेच्या कित्येक परीक्षा रविवारी. क्लासच्या टेस्ट रविवारी. आमची उपासना रविवारी सकाळी. वर्षातले कितीतरी रविवार आम्ही देवळात जाऊच शकत नाही आणि त्याबद्दल आम्ही कधी निवेदन दिलेलं नाही. शनिवारचा तो एक तास आमच्या पोरांसाठी सोयीचा आहे, बाकी काही नाही. वर्गात आडनाव ऐकलं की "तुम्ही कधी बाटलात?" हा प्रश्न मला अकरावीत आला, माझ्या मुलीला यंदा आला. ज्या खोलीत हा प्रश्न येत नाही अशी एक खोली तिला हवी असेल तर त्यात कुणाचं काय बिघडतं?

अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात आलं ते एकोणिसाव्या शतकात. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक अहमदनगरला १८४२ साली सुरू झालं. आम्ही काल आलेलो नाही. टिळकांना बायबल मिळालं ते रेल्वेत एका सहप्रवाशाकडून. त्यांनी ते वाचलं, वाद घातला, लोकांशी पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना कुणी जेवू घालून फितवलं नव्हतं.

पूर्वभागातली

टिळकांचं नाव घेतलंत तर लक्ष्मीबाईंचंही घ्या, दादा. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या लेकराला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, रडून रडून आजारी पडल्या. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, ते स्वतःच्या मनाने, हेही खरं. पण मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. त्या सगळं लिहून ठेवून गेल्यात.

आमच्या घरात हे घडलंय. माझ्या धाकट्या भावाला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात "करिअर मार्गदर्शन" म्हणून बोलावलं. कोणत्या कॉलेजात, कुणी, ते लिहीत नाही. तिथे मार्गदर्शन थोडं आणि प्रार्थना जास्त. तो जात राहिला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ आमच्या गल्लीवरून जातो. आजी दारात आरतीचं ताट घेऊन उभी असते. त्या वर्षी तो आतल्या खोलीत दार लावून बसला. आजीने प्रसाद दारापाशी ठेवला, तो तसाच राहिला. आजी काही बोलली नाही, पण तिने त्यानंतर त्याला हाक मारणं कमी केलं. माझा राग भावाने येशूला मानलं यावर नाही. माणसाने कुणालाही मानावं. माझा राग त्या पहिल्या खोट्या निमंत्रणावर आहे. खरं सांगून बोलावलं असतं तर त्याने घरी विचारलं असतं, आम्ही बोललो असतो, भांडलो असतो, पण सगळं उजेडात झालं असतं.

विजापूररोडकर

पूर्वभागातली ताई, हे वाचून पोटात कालवलं. पण मला जे सांगायचंय तेच तुमच्या लिहिण्यात आहे. मला बोलावताना "प्रार्थनासभा" हाच शब्द वापरला होता. वर्गाच्या दारावर कागद असायचा, त्यावर बायबल अभ्यास असं लिहिलेलं आणि कुणीही आत डोकावू शकत होतं. वर्ग काढून घेतल्याने खोटी निमंत्रणं थांबणार नाहीत. उलट आता ती मुलं तलावाकाठी, कुणाच्याच नजरेत नाहीत. उजेड हवा असेल तर वर्ग द्यायला हवा.

जुनासभासद

मी इंजिनिअरिंगला असताना अशा गटात होतो, म्हणून थोडी माहिती. अशा गटांपैकी देशभर पसरलेली जुनी संघटना म्हणजे युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, स्थापना १९५४. कॉलेजातल्या गटाला ईयू (इव्हँजेलिकल युनियन) म्हणतात. सभा विद्यार्थीच चालवतात, पाळक (चर्चचा धर्मगुरू) नसतो. विजापूररोडकर ताईंनी जी पद्धत लिहिली, आधी दिसतं काय, मग अर्थ, मग आचरण, ती तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कुणी एक उभा राहून सांगेल आणि बाकी मान डोलावतील असं होऊ नये म्हणूनच ती आहे.

आणि लपवू नये म्हणून हेही सांगतो: ईयूचा हेतू विद्यार्थ्यांपर्यंत ख्रिस्त पोचवणे हाच आहे. तो त्यांच्या उद्दिष्टांत लिहिलेला असतो. "आम्ही फक्त गाणी म्हणतो" असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. आम्हाला सांगायचं असतं. ऐकायचं की नाही हे समोरच्याने ठरवायचं. करिअरच्या नावाखाली बोलावणं आमच्या गटात खपलं नसतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी पूर्वभागातली ताईंच्या घराचं नुकसान केलंय.

पार्कचौक (वकिली करतो)

राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्द आखली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. म्हणजे बोलावणं, सांगणं कायदेशीर. आमिष, फसवणूक, दडपण नाही.

अनुच्छेद २८ वेगळा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणाला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. अनुदानित कॉलेजात विद्यार्थ्यांनी स्वतःहून, कॉलेज सुटल्यावर, येईल त्याला घेऊन केलेली सभा या मनाईत बसते असं माझ्या वाचनात तरी दिसत नाही. वर्ग द्यायचा की नाही हा प्राचार्यांचा अधिकार आहे. पण एकाला देऊन दुसऱ्याला नाकारलं तर त्याचं कारण त्यांनी द्यायला हवं.

मिलिंदनगर

सगळे बोलताय, जातीचं कुणीच बोलेना. आमच्या वस्तीतली पोरं अशा सभांना जातात, का जातात ते मला माहीत आहे. तिथे त्यांना शेजारी बसवतात. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ ला याच सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे भाषण केलं होतं, ते पुढे त्यांच्या 'जनता' साप्ताहिकात छापून आलं. ख्रिस्ताबद्दल आदराने बोलले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळतात हेही तोंडावर सांगितलं. स्तुती आणि हिशेब दोन्ही एकाच सभेत. मला तसंच बोलायचंय.

१९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो. म्हणजे शिष्यवृत्ती, होस्टेल, नोकरीतली राखीव जागा, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळ्यावर परिणाम. मला हा आदेश अन्यायाचा वाटतो, जात धर्म बदलून जात नाही. पण आज तो लागू आहे. शोमरोन्याची गोष्ट सांगणारा गट आमच्या पोराला हे बाप्तिस्म्याआधी सांगतो का? जुनासभासद भाऊ, खरं उत्तर द्या.

वर्ग बंद करायला माझा विरोध आहे. आज त्यांचा केला, उद्या आम्ही बुद्धवंदनेला वर्ग मागितला की तेच कुलूप दाखवतील.

जुनासभासद

खरं उत्तर: काही जण सांगतात, बरेच सांगत नाहीत. विषय काढला तर पोरगं मागे हटेल अशी भीती असते. तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे आधी सांगितलंच पाहिजे. आणि असं लपवून मिळवलेला विश्वास बायबललाही मान्य नाही.

बाळीवेसकर

मिलिंदनगर भाऊंनी जे लिहिलं तेच माझं म्हणणं आणखी पक्कं करतं. इतके मोठे परिणाम असलेला निर्णय, आणि तो सुरू होतो कॉलेजच्या बाकावर. मला कुणी दुटप्पी म्हणू नये म्हणून सांगतो: सगळंच बंद करा. गणपती, सरस्वती, शनिवारची सभा, सगळं. घरी करा, देवळात करा. दोन मुलं माझी याच शहरात शिकली, त्यांच्या वेळीही माझं हेच मत होतं.

विजापूररोडकर

काका, तुमचा नियम सगळ्यांना सारखा आहे, त्याचा मान राखते. पण त्या कॉलेजात मला शिकायचं नाही. गणपतीच्या आरतीला माझी लॅब पार्टनर टाळ वाजवते. तिच्या सभेत मी भजन म्हटलं. ही ओळख मला घरी किंवा देवळात कधीच झाली नसती, तिथे सगळी आपलीच माणसं असतात. आणि होस्टेलवरच्या एकट्या पोराची काळजी असेल तर त्याला जेवलास का विचारणारे आपणही होऊ शकतो. ते काम एकट्या त्या गटावर का सोडलंय आपण?

प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहितेय. मागण्या: वर्ग परत द्यावा; जो विद्यार्थी गट मागेल त्याला त्याच अटींवर द्यावा; कार्यक्रमाचं खरं नाव नोटीस बोर्डावर आधी लागावं; दार उघडं राहावं. मिलिंदनगर भाऊंचा मुद्दा गटाच्या मुलांना मी स्वतः सांगितला, ते समाजकल्याणच्या माहितीचा कागद सभेत ठेवायला तयार आहेत.

पूर्वभागातली

एक ओळ वाढवा. पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठल्याही धार्मिक कार्यक्रमाला दुसऱ्या नावाने बोलावलं तर त्या गटाचा वर्ग वर्षभर बंद. ही ओळ असेल तर माझी सही घ्या.

बाळीवेसकर

मी सही करणार नाही. पण ही ओळ घालाच.

रेल्वेलाईन्स

ती ओळ आम्हाला मान्य आहे, ती सगळ्यांना लागू करा म्हणजे झालं. अर्ज सोमवारी देणार असाल तर मुलीला सांगतो, ती सह्या घेऊन येईल. तिच्या वर्गातल्या कुणाकुणाच्या, ते तिचं ती बघेल.