प्रतिसाद: परदेशात न जाता टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये पोस्टडॉक

'बाहेर गेल्याशिवाय टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये (पेशींपासून शरीराच्या ऊती तयार करणं) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, नाहीच' हे वर कुणीतरी लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था आहे, बंगळुरूचं इनस्टेम हे स्टेम सेल (मूळ पेशी) संशोधनाचं केंद्र आहे, आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तर डोळ्याच्या लिम्बल (बुबुळाच्या कडेच्या) स्टेम सेल वापरून रुग्णांना दृष्टी परत मिळालीये, म्हणजे काम नुसतं पेपरपुरतं नाही. बडोद्यात एम.एस. विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या आमच्या मुलांना मी हेच सांगत असते.

पण एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही. नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप 2 वर्षांची असते, आणि 2017 च्या आयसीएमआर-डीबीटी (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग) गाइडलाइन्सप्रमाणे माणसाच्या स्टेम सेलवर काम करायचं तर संस्थेत त्यासाठी वेगळी समिती, आयसी-एससीआर, लागते, एथिक्स कमिटी निराळी. माझ्या एका मैत्रिणीचे कितीतरी महिने फक्त मंजुरीची वाट बघण्यात गेले, फेलोशिपचं घड्याळ चालूच, फार वाईट वाटलं तेव्हा. म्हणून प्रोफेसरांना पहिल्याच ईमेलमध्ये विचारा की समिती रजिस्टर्ड आहे का आणि या प्रोजेक्टची मंजुरी आधीच आलीये का. संकोच करू नका, चांगले गाइड सरळ उत्तर देतात. नुसतं स्कॅफोल्डचं (पेशी वाढवायच्या सांगाड्याचं) मटेरियल बनवून तपासायचं असेल तर ही भानगड येत नाही, माणसाच्या स्टेम सेल घातल्या की येते.