खाणीच्या जुन्या ढिगाशेजारची माती आणि विहीर: तपासणी कशी करावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या घरामागे शिसे-जस्ताच्या बंद खाणीचा ढीग आहे. पिठासारखी बारीक, राखाडी भुकटी. वारा सुटला की थेट ओट्यावर येते. पायथ्याशी पावसाळ्यात पाणी झिरपतं आणि दगडांवर नारिंगी गाळाचा थर बसतो. एवढं कळलंय की गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि त्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक विरघळून वाहत जातात.

विहिरीचं पाणी उकळून प्या, असं बरेच जण सुचवतात. पण उकळल्याने धातू जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं.

खरी काळजी धाकटीची. ती रांगते, मातीचे हात तोंडात घालते, आणि शिशाचा मार लहान मुलांच्या मेंदूवरच जास्त. तिच्या रक्तातलं शिसं तपासून घेणारच आहोत.

माझा प्रश्न मातीचा आहे. नमुना वरच्या थराचा घ्यायचा की खोलवरचा? एकूण धातू मोजून भागतं, की शरीरात शोषला जाणारा भाग वेगळा तपासावा लागतो? आणि परसातल्या पालेभाज्या तोवर बंदच ठेवू ना? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.