प्रति: गराजमध्ये डब्यांसाठी घरी बनवलेली मांडणी

सामान ठेवायचे प्लास्टिकचे झाकणवाले डबे मूळ पोस्टमध्ये सुचवलंय तसं नुसत्या काठाच्या आधारावर लाकडी पट्ट्यांत सरकवणं आकाशकंदील, स्वेटर अशा हलक्या सामानाला ठीक आहे. पुस्तकांचा डबा मात्र असा लटकवू नका, काठ वाकतो. त्याला खालून प्लाय हवाच.

डब्याचं माप झाकणापाशी घ्या. तळ निमुळता असतो. मी तळाचं माप धरलं आणि एका रांगेत चारऐवजी तीनच डबे बसले, अख्खा शनिवार परत खोलाखोलीत गेला. दुकानातलं टू-बाय-फोर (नावाला दोन बाय चार इंची लाकूड) प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं, तेही हिशेबात धरा.

सगळ्यात महत्त्वाचं, मांडणी भिंतीतल्या स्टडलाच, म्हणजे आतल्या उभ्या लाकडी खांबांनाच, घट्ट करा. अमेरिकेतल्या घरांत ते बहुधा एकमेकांपासून 16 इंचांवर सापडतात. काळे ड्रायवॉल स्क्रू (भिंतीचे जिप्सम बोर्ड बसवायचे) इथे अजिबात नकोत, ते ठिसूळ असतात आणि वजनाने कडकन तुटतात. 3 इंची स्ट्रक्चरल स्क्रू, म्हणजे वजन पेलण्यासाठी बनवलेले, घ्या. घरात मुलं असतील तर यात काटकसर नकोच.

आमच्याकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ वितळून फरशी ओली राहते, म्हणून काँक्रीटला टेकणारे पाय प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेल्या) लाकडाचे केलेत.